ढवळलेली हवा: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मी हवेतल्या टर्ब्युलन्सवर, म्हणजे हवेच्या वेड्यावाकड्या ढवळण्यावर, काम करते, काही विचारायचं असेल तर पाठवा असं मागच्या वेळी म्हटलं होतं. भरपूर प्रश्न आलेत, त्यातले निम्मे विमानाचेच, ते अपेक्षितच होतं म्हणा. सारखे सारखे होते ते एकत्र केलेत.

जानेवारीत पुणे-दिल्ली विमान इतकं हललं की शेजारच्या काकू रामरक्षा म्हणायला लागल्या. एअर पॉकेटमध्ये विमान किती खाली पडतं? पंख तुटू शकतो का?

हवेत रिकामा खड्डा वगैरे काही नसतो, हवा सगळीकडे असतेच, फक्त वर जाणाऱ्या झोतातून विमान एकदम खाली येणाऱ्या झोतात शिरतं आणि आपल्याला पोटात गोळा आल्यासारखं होतं. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेचा जोरदार जेट, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहत असतो, त्याच्या वरच्या-खालच्या थरांत वाऱ्याचा वेग झपाट्याने बदलतो आणि आभाळ निरभ्र असलं तरी तिथली हवा खवळते. ढगच नाही, त्यामुळे विमानाच्या रडारवर काही दिसत नाही.

आता पडण्याचं. 21 मे 2024 ला लंडनहून सिंगापूरला जाणारं विमान म्यानमारवर असताना असं हादरलं की एक प्रवासी गेला, बरेच जखमी झाले, विमान बँकॉकला उतरवावं लागलं. विमान सहा हजार फूट कोसळलं असं सगळीकडे फिरत होतं. तपासात निघालं की तो झटका 178 फुटांचा, म्हणजे 54 मीटरचा होता, सहा हजार फूट खाली पायलटनी नंतर व्यवस्थित आणलेलं. पण त्या पाचेक सेकंदांत माणसं आधी छताकडे फेकली गेली आणि मग आदळली, इजा त्यातूनच होते. पंखाची काळजी सोडा, विमानाला वापरात जास्तीत जास्त जेवढा भार येईल असं धरलेलं असतं त्याच्या दीडपट भार पंखाने सोसायलाच लागतो, त्याशिवाय परवानगीच मिळत नाही. पट्ट्याची काळजी करा. पट्ट्याचा दिवा विझला की लगेच खटाखट पट्टे सोडतात ना लोक, मला तेव्हा खरी भीती वाटते.

तुम्ही दिवसभर नक्की करता काय? विमानातून फिरता का?

नाही हो. माझं काम जमिनीलगतच्या हवेचं, फार तर शे-दोनशे मीटरपर्यंतचं. शेताच्या कडेला लोखंडी टॉवर आहे, त्यावर वेगवेगळ्या उंचीवर सॉनिक ॲनिमोमीटर, म्हणजे आवाजाने वारा मोजणारी यंत्रं, लावलेत. त्याला गरगर फिरणाऱ्या वाट्या नसतात, समोरासमोर सेन्सरच्या तीन जोड्या असतात, त्या एकमेकींकडे अल्ट्रासाउंडचे ठोके पाठवतात, वाऱ्याच्या दिशेने ठोका लवकर पोचतो आणि उलटा जाणारा उशिरा, त्या फरकावरून वारा कळतो. पंधरा-वीस सेंटिमीटरचं अंतर, म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदाचा खेळ. सेकंदाला 20 नोंदी घेतल्या की दिवसाच्या सतरा लाखांच्या वर ओळी होतात, आणि असे चार-पाच सॉनिक.

सकाळी आल्या आल्या रात्रीचा डेटा नीट आलाय का बघायचं, आणि तो नीट येत नाही हे आधीच सांगून ठेवते. सेन्सरवर पावसाचा थेंब बसला की आकडे वेडेवाकडे उड्या मारतात, पावसाळ्यातला बराचसा डेटा असा कचऱ्यात जातो. कोळ्यांना तर त्या तीन दांड्या जाळं विणायला खास करून दिल्यासारख्या आवडतात. शिवाय साइटवरच्या वॉचमनमामांचा फोन, "मॅडम, त्या वरच्या दांडीवर कोतवाल बसलाय बघा परत." पक्षी बसला की सॉनिक किंचित वाकतो, आणि दोन अंशांनी जरी वाकला तरी आडव्या वाऱ्याचा थोडा भाग उभ्या वाऱ्यात मिसळून सगळं गणित बिघडतं.

ते गणित तसं सोपंय. दुपारी वर जाणारी हवा बहुतेक वेळा जास्त गरम असते, खाली येणारी त्यामानाने गार. उभ्या वाऱ्याचे चढउतार आणि तापमानाचे चढउतार एकमेकांशी गुणून अर्ध्या तासाची सरासरी काढली की जमिनीतून किती उष्णता वर गेली ते कळतं, बाष्पाचंही तसंच. शेताने दिवसभरात किती पाणी हवेत सोडलं हा आकडा अशा गुणाकारातून येतो, टर्ब्युलन्स नसता तर ती वाफ तिथंच पिकावर बसून राहिली असती. मोठ्या भोवऱ्यांतून लहान, लहानांतून आणखी लहान, अशी ऊर्जा कशी उतरत जाते याचा नियम रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांनी 1941 मध्ये मांडला. आलेखावर तो उणे पाच भागिले तीन अशा उताराची रेघ म्हणून दिसतो. आम्ही तो रोज चाळणीसारखा वापरतो, भर दुपारच्या डेटात ती रेघ आली नाही तर निसर्गावर शंका घ्यायच्या आधी वायर बघायची.

हडपसरहून एक आजोबा: डिसेंबरात पहाटे फिरायला जातो तर सगळीकडे धूर खाली बसलेला असतो, दहा वाजता गायब. कुठं जातो?

वर जातो. रात्री निरभ्र आकाशाखाली जमीन लवकर गार होते, तिला चिकटलेली हवा गार आणि जड, वरची उबदार, त्यामुळे खालची वर उठतच नाही. वाराही पडलेला, म्हणजे ढवळायला कोणी नाही. त्यात पुण्याभोवती टेकड्या, त्यांच्यावरची गार हवा घरंगळत खाली येऊन साचते. शेकोट्यांचा, कचऱ्याचा, गाड्यांचा सगळा धूर शे-दोनशे मीटरच्या थरात कोंडतो. ऊन चढलं की जमीन तापते, गरम हवेचे बुडबुडे वर सुटतात आणि तोच धूर किलोमीटरभर उंचीत पसरतो. तेव्हा आजोबा, थंडीत पहाटे पाचचा हट्ट सोडा, ऊन आल्यावर किंवा सरळ दुपारी चार-पाचला जा. पहाटेची हवा शुद्ध असते हे शहराच्या हिवाळ्यात अजिबात खरं नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही ही रात्रीची हवाच जास्त छळते, तासभर निपचित असते आणि मग अचानक पाच मिनिटं खवळून परत शांत, आमची नेहमीची सूत्रं तिथं लंगडी पडतात.

एप्रिलमध्ये आमच्या माळावर वावटळ उठते, आजी म्हणते त्यात भूत असतं.

वारा मंद, माळ तापलेला, जमिनीलगतची हवा वरच्यापेक्षा कितीतरी गरम, मग ती एका ठिकाणाहून उसळते, आजूबाजूची हवा आत खेचली जाते आणि जराशी गिरकी असली तर आत येता येता वेग वाढत जातो. धूळ उचलली म्हणून दिसली, पाचोळाही नसलेल्या जमिनीवर अशा कितीतरी न दिसताच जातात. आजीशी वाद घालू नका, पण पत्रे बांधून ठेवा.

मोबाइलवरचं ॲप टर्ब्युलन्स सांगू शकेल का?

नेमक्या जागेचा, नेमक्या मिनिटाचा नाही. हवामानाचा अंदाज काढणारं कॉम्प्युटर मॉडेल नकाशाचे चौकोन पाडून गणित करतं, ते चौकोन काही किलोमीटरचे आणि भोवरे मिलिमीटरपासून किलोमीटरपर्यंतचे, चौकोनात न मावणारं सगळं आम्ही सूत्रांनी भरून काढतो. त्या सूत्रांसाठीच तर टॉवर.

मुलीला यात जायचंय. भारतात असलं काम होतं का, आणि काय शिकावं?

होतं की, आणि जुनं आहे. 1990 च्या मान्सूनमध्ये जोधपूर, दिल्ली, वाराणसी, खरगपूर असे चार ठिकाणी 30 मीटरचे टॉवर उभारून मोठा प्रयोग झाला होता. पुण्यात पाषाणला असलेल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा आहे, दिल्ली विमानतळावर 2015 पासून हिवाळ्यात धुक्यावर मोजमापं झालीत. बीएस्सीला फिजिक्स किंवा मॅथ्स घ्यावं, नाहीतर इंजिनिअरिंग, मग एमएस्सी, पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राचा विभाग आहे, पुढे नेट किंवा गेट देऊन पीएचडी. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आत्ताच शिकायला लावा, कॅल्क्युलसची भीती घालवा. पगार आयटीइतका नाही आणि पर्मनंट नोकरीला वेळ लागतो, हे तिला आधीच सांगा. उंचीची भीती असली तरी चालेल, मॉडेलिंगवाले एसीतच बसतात, टॉवरवर चढायला आमच्यासारखे लागतात.