बेल वाजली तरी

मावशी,
दोन वर्षांपूर्वी माझी झोप पार उडाली होती. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ध्यान सुरू केलं. आता रोज सकाळी वीस मिनिटं बसते. सुट्टीच्या दिवशी काहीच ठरवत नाही, फोन दूर ठेवते. खूप बरं वाटतं. पण हल्ली मला माणसांचा वैताग येतो. शेजारच्या काकू एकट्या राहतात. नेमक्या माझ्या बसण्याच्या वेळी बेल वाजवतात आणि तेच तेच सांगत राहतात. गेल्या आठवड्यात मी दार उघडलंच नाही. खिडकीत दिवा होता, त्यांना कळलंच असणार. त्याच संध्याकाळी माझी आठ वर्षांची मुलगी घरात चवड्यांवर चालताना दिसली. विचारलं तर म्हणाली, "आवाज झाला की तू चिडतेस ना." मी संथ जगायला निघाले होते. मग अशी का झाले?
– दार लावून बसलेली

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र वाचताना मी अडखळले ती लेकीच्या चवड्यांपाशी. काकूंचं नंतर बोलू. घरातलं लहान मूल पाऊल न वाजवता चालायला शिकलं, हे तुला दिसलं आणि तू ते लपवलं नाहीस. म्हणूनच मला तुझी फार काळजी वाटत नाही.

आधी एक सांगते. ती वीस मिनिटं सोडू नकोस. उडालेली झोप काय असते ते मला ठाऊक आहे. ज्या गोष्टीने ती परत आली, तिच्यावर अपराधीपणापायी पाणी सोडायचं कारण नाही.

पण त्या वीस मिनिटांचं तू काय केलंस ते बघ. ती गाडीची वेळ झाली आहे. चुकू नये म्हणून तू धावतेस आणि मध्ये येईल तो अडथळा. १९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांना एकेक करून जवळच्या इमारतीत भाषणासाठी पाठवलं. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत बसलेला. तो प्रयोगाचाच भाग होता. ज्यांना हाताशी वेळ आहे असं सांगितलं होतं, त्यांच्यातल्या ६३ टक्क्यांनी त्याच्यासाठी काही ना काही केलं. उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्क्यांनी. काही जणांचं तर भाषणच वाटेत जखमी होऊन पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याच्या गोष्टीवर होतं, तरी त्याने फारसा फरक पडला नाही. ती मुलं दुष्ट नव्हती. त्यांना कुठेतरी पोहोचायचं होतं. तुलाही रोज सकाळी शांततेपर्यंत पोहोचायचं असतं, आणि काकू वाटेत उभ्या असतात.

आपण सजगता म्हणतो ते पालीत 'सती', संस्कृतात 'स्मृती'. म्हणजे आठवण. आत्ता, समोर काय आहे याची आठवण न सुटणं. मग बेलचा आवाज त्याच्या बाहेर कसा राहील?

व्हिएतनामी भिक्षू थिक न्हात हान्ह यांनी सहकाऱ्यांसोबत १९८२ मध्ये फ्रान्सच्या नैर्ऋत्येला प्लम व्हिलेज हे साधनाकेंद्र सुरू केलं. तिथे दिवसातून अनेकदा घंटा होते. ती ऐकली की माणसं हातातलं काम थांबवतात, बोलणं अर्ध्यावर सोडतात, श्वासाकडे लक्ष देतात आणि मग अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण करतात. फोन वाजला तरी तसंच. मला ही रीत फार आवडते, कारण तिथली शांतता चारचौघांच्या मध्ये, कामाच्या पसाऱ्यात असते. तुझ्याकडे ती घंटा आयतीच आहे, दारावर. उद्या वाजली की बसल्या जागी तीन श्वास घे आणि मग ऊठ. कधी दार उघडून म्हण, "काकू, मी बसलेय, अर्ध्या तासाने तुमच्याकडे येते." मात्र म्हणालीस तर जा. घरात असून नसल्यासारखं करण्यापेक्षा हा नकार कितीतरी बरा.

आता त्यांचं 'तेच तेच'. आपण ऐकलेली गोष्ट पुन्हा ऐकत नाही. पहिल्या दोन शब्दांवर पुढचं मनातच म्हणून टाकतो आणि संपायची वाट बघत बसतो. एकदा असं कर. पाय जमिनीला टेकलेत याकडे थोडं लक्ष ठेव आणि ती गोष्ट पहिल्यांदाच कानावर येते आहे अशी ऐक. कुठल्या नावापाशी त्यांचा आवाज खाली येतो, कुठे त्या घाईने पुढे जातात, कोणता तपशील आज गाळला. अधेमधे 'हो ना, हो ना' नको. त्या थांबल्या तर तूही थांब, ती जागा लगेच शब्दांनी भरू नकोस. ध्यानाला बसल्यावर मन भरकटतं आणि तू त्याला परत आणतेस, तेच इथेही करायचं आहे. माझ्या मते हे डोळे मिटून बसण्याहून अवघड आहे.

रोज नको. आठवड्यातून दोनदा पुरे. गेल्याबरोबर सांग, "आज अर्धा तास आहे माझ्याकडे." आणि ज्या दिवशी खरंच त्राण नसेल, त्या दिवशी जाऊ नकोस. एका माणसाचं सगळं एकटेपण तू एकटीने वाहायचं नाहीस. इमारतीत आणखीही घरं आहेत, त्यांनाही काकूंची ओळख होऊ दे.

त्या दिवशीच्या दाराचंही सांगून टाक. लांबलचक माफी नको, त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. "मी आत होते, दार उघडलं नाही, नंतर वाईट वाटत राहिलं," एवढं बास.

लेकीला मात्र हे बोलून पटणार नाही. चवड्यांवर चालायला ती तुझा चेहरा बघून शिकली आहे. तेव्हा उद्या बसशील तेव्हा खोलीचं दार उघडंच ठेव. ती इकडून तिकडे धावेल, काहीतरी पाडेल, मध्येच येऊन काही विचारेल. डोळे उघड, तिला उत्तर दे आणि पुन्हा मीट.

तुझी,
मावशी