खडे तर दिसले, मग पित्ताची पिशवी लॅबला कशाला?

तुमचा प्रश्न असा: आईची पित्ताची पिशवी परवा दुर्बिणीने काढली, खडे तुम्ही डोळ्यांनी बघितले, तरी डॉक्टर म्हणाले 'पीस तपासून घ्या'. पिशवी घरी फ्रिजमध्ये आहे. पैसे पुन्हा जाणार, आणि डॉक्टर काही लपवताहेत की काय ही धास्ती वेगळीच.

लपवत नाहीत हो. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, जिल्ह्याच्या गावी लॅब आहे. अशा पिशव्या माझ्या टेबलावर येतच असतात आणि बहुतेकांचा रिपोर्ट एकच असतो: जुनाट सूज, खडे, बाकी काही नाही. न दिसलेला कॅन्सर निघण्याचं प्रमाण बहुतेक ठिकाणी शंभरात एकापेक्षा कमी. गंगेच्या खोऱ्यात, म्हणजे उत्तर प्रदेश-बिहारकडे, हा कॅन्सर बराच जास्त. आपल्याकडे त्या मानाने कमी. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त.

मग शंभरातल्या एकासाठी सगळ्यांची का तपासायची? नेदरलँड्समध्ये बऱ्याच ठिकाणी सर्जन पिशवी तिथेच उघडून बघतात, हाताला काही लागलं तरच पुढे पाठवतात. युक्तिवाद चुकीचा नाही. पण मला तो पटत नाही, आणि त्याचं कारण एक बाई आहेत.

पन्नाशीच्या. सोनोग्राफीत खडे आणि किंचित जाड भिंत, एवढंच. पिशवी आली, मी कात्रीने तळापासून मानेपर्यंत उभी चिरली. आतलं अस्तर हिरवट, मखमलीसारखं, नेहमीचं. तळाशी मात्र रुपयाएवढा भाग बोटाखाली जरा घट्ट लागला. गाठ नव्हती, रंगही बदललेला नव्हता. सर्जननेही उघडून बघितली होती, त्यांना ती सूजच वाटली. खरं सांगायचं तर मलाही. एरवी तळ, मध्य, मान आणि पिशवीतून निघणाऱ्या नळीचा कापलेला काठ इथले तुकडे घेतो, त्या दिवशी तिथले पाच जास्त घेतले. स्लाइडवर कॅन्सर स्नायूचा थर ओलांडून गेलेला.

पित्ताशयाची भिंत पातळ, आणि यकृताकडच्या बाजूला तर मध्ये पडदाही नाही. त्यामुळे रोग किती खोल गेलाय यावरच पुढचं सगळं ठरतं. अस्तरालगतच असेल आणि नळीचा काठ स्वच्छ असेल, तर पिशवी काढली हाच बहुधा पुरा इलाज. स्नायूत किंवा त्याच्या पलीकडे गेला असेल तर सीटी स्कॅन, आणि जमत असेल तर दुसरं ऑपरेशन: यकृताचा लगतचा भाग आणि आसपासच्या लसिका ग्रंथी काढतात. त्या बाईंचं तसंच झालं. पिशवी कचऱ्यात गेली असती तर पुढची खबर बहुधा काविळीनेच दिली असती.

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. तपासणीचे पैसे भरून लोक रिपोर्ट न्यायलाच येत नाहीत. टाके निघाले, पोट दुखायचं थांबलं, विषय संपला! माझ्या कपाटात असे लखोटे पडून आहेत. रिपोर्ट आणा, सर्जनला दाखवा आणि फाइलला लावा.

आता तुमची फ्रिजमधली पिशवी. आजच न्या, उद्यावर टाकू नका. पित्तामुळे आतलं अस्तर आधी सडतं, आणि आम्हाला बघायचं असतं नेमकं तेच. फ्रीझरमध्ये अजिबात ठेवू नका, बर्फाने पेशी फुटतात. लॅबमधून किंवा हॉस्पिटलमधून फॉर्मॅलिनची, म्हणजे पिशवी सडू न देणाऱ्या द्रावाची, बरणी मागून घ्या, रुंद तोंडाची, पिशवी पूर्ण बुडेल अशी. सलाइनच्या बाटलीत कोंबून आणू नका. बरणीवर आईचं नाव आणि तारीख लिहा, सोबत सोनोग्राफीची प्रत द्या.

खडे वेगळ्या डबीत काढून ठेवले असतील तर राहू द्या तुमच्याकडेच. पाहुण्यांना दाखवायला लागतात, माहीत आहे मला.