दीड किलोमीटरची रानवाट

प्रश्न : मी पर्वरीला राहते. माझे वय ४३ आहे. गेल्या दिवाळीत माझ्यासाठी आणि माझ्या १५ वर्षांच्या मुलासाठी दोन माउंटन बाइक घेतल्या. आमच्या वसाहतीमागच्या उतारावर काजू आणि आकेशियाची झाडी असून तिच्यातल्या पायवाटांचा फेरा जेमतेम दीड किलोमीटरचा होतो. ओळखीची मंडळी म्हणतात, की एवढ्याशा वाटेत काही अर्थ नाही, सायकली गाडीवर बांधून चोर्ला घाटात नाहीतर तांबडी सुर्लाला जा. दर रविवारी एवढा वेळ आम्हाला मिळत नाही. शिवाय वळणावर पुढचे चाक घसरून मी दोनदा पडले आहे. या वाटेवर खरोखर काही शिकता येईल का? आणि पावसाळ्यात काय करावे?

उत्तर : आपल्या घरामागची वाट पुरेशी आहे. फोंड्यात घरापासून दहा मिनिटांवर असलेल्या अशाच एका उतारावर मी बारा वर्षे सायकल चालवत आलो आहे आणि आजही त्या वाटेवरच्या एका वळणावर माझे मन लागून राहते. या खेळाचा उगमही लांबच्या मोहिमांत झालेला नाही. कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत फेअरफॅक्स गावाजवळ १९७६ साली काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकलींवर उतारावरची शर्यत लावली, तो रस्ता अवघा साडेतीन किलोमीटरांच्या आत संपत होता. पेडल उलटे फिरवून लागणारे त्यांचे ब्रेक एका उतारात इतके तापत, की आतले ग्रीस जळून जाई आणि पुन्हा भरावे लागे, म्हणून त्या शर्यतीला ‘रीपॅक’ असेच नाव पडले. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, त्यांच्यापैकी जो ब्रीझ याने खास या कामासाठी सायकलची चौकट बांधली. म्हणजे एकाच उतारावरून पुन्हा पुन्हा खाली येण्यातूनच माउंटन बाइक घडत गेली.

छोट्या वाटेचा मोठा लाभ असा, की तीच चूक दहा मिनिटांनी त्याच जागी पुन्हा समोर येते आणि ती दुरुस्त करता येते. घाटात तीस किलोमीटर चालवताना अवघड वळण एकदा येते, आपण कसेबसे पार पडतो आणि विसरून जातो. त्या बाजूचे बरेचसे रान अभयारण्यात मोडते आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार परवानगीशिवाय तिथे शिरता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आता आपल्या पडण्याविषयी. जांभा झिजला, की त्यातून हरभऱ्याएवढे गोल, कडक खडे सुटतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायांनी ढकलले जाऊन वळणाच्या बाहेरच्या अंगाला साठतात. खाली कातळ आणि वर हे खडे, अशा जागी टायरला धरायला काही सापडत नाही. त्यात नवखा माणूस वळणात शिरल्यावर घाबरतो आणि ब्रेक दाबतो. टायरची जमिनीवरची पकड मर्यादित असते; ती थांबण्यात खर्च झाली, तर वळण्यासाठी शिल्लक राहत नाही आणि पुढचे चाक सरळ वाहत जाते. म्हणून वेग वळणाच्या आधी, सरळ भागातच कमी करावा आणि वळणात शिरताना ब्रेकवरची बोटे सैल सोडावीत. बाहेरच्या बाजूचे पेडल खाली ठेवून त्यावर भार द्यावा, सायकल आत झुकवावी, पण धड शक्यतो सरळ ठेवावे, आणि नजर चाकापुढच्या खड्यांवर न ठेवता वळण जिथे संपते तिथे ठेवावी. नजर जिकडे, तिकडे सायकल, हे अक्षरशः खरे आहे. उतारावर सीट दोन-तीन इंच खाली घ्यावी, दोन्ही पेडले समांतर ठेवून उभे राहावे आणि कोपरे सैल ठेवावीत.

पुढच्या ब्रेकला घाबरून फक्त मागचा वापरण्याची सवय मी अनेकांत पाहतो. सायकल थांबवण्याचे बहुतांश काम पुढचा ब्रेकच करतो, कारण थांबताना भार पुढे सरकतो. तो एका बोटाने, हळूहळू वाढवत दाबावा. मागचे चाक अडवून घासत नेले, तर थांबायला वेळ लागतो आणि वाटही खरवडून निघते.

टायरमधली हवाही तपासावी. दुकानातून सायकल येते तेव्हा हवा बहुधा रस्त्याच्या हिशेबाने, ५० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजण्याचे एकक) आसपास, भरलेली असते आणि असा कडक टायर खड्यांवरून उसळतो. सव्वादोन इंची टायर आणि आपले वजन साठ-सत्तर किलो असेल, तर ट्यूबच्या टायरमध्ये २८ ते ३० पीएसआयपासून सुरुवात करावी, पुढे किंचित कमी, मागे किंचित जास्त. याहून फार खाली गेल्यास दगडावर आदळताना ट्यूब रिमखाली चिमटून तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात.

चिरंजीवांना आणि स्वतःला एक नेम घालून घ्यावा : पहिला फेरा चालत, दुसरा सावकाश, आणि त्यानंतर एकच वळण निवडून ते दहा वेळा. चालत फिरताना काजूची मुळे कुठे वर आली आहेत, कुठे आकेशियाचा पाचोळा दगड झाकून बसला आहे, हे दिसते. तो पाचोळा गुळगुळीत असतो आणि वाळला तरी चाकाखालून सटकतो. पाचोळ्यात किंवा सुट्या चिऱ्याखाली हात घालू नये, कारण जांभ्याच्या सड्यावर फुरसे असते. दुर्दैवाने दंश झालाच, तर घरगुती उपचारात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पावसाळ्याविषयी माझे मत ठाम आहे. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आपल्या उतारावर कातळावर मातीचा थर वीतभरही नसेल. ओल्या मातीत चाकाने पाडलेली चाकोरी पुढच्या सरीत पन्हळ होते, पाणी तीच वाट धरते, माती घेऊन जाते आणि दोन पावसाळ्यांत तिथे मुळे उघडी पडलेली घळ उरते. आमच्या फोंड्याच्या उतारावर हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि ती चाकोरी पाडणाऱ्यांत मीही होतो, याची मला आजही खंत वाटते. म्हणून मृगापासून दसऱ्यापर्यंत ती वाट सोडून द्यावी. चवथीच्या आधी, गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीसाठी रानफळे आणि वेली आणायला लोक अशाच उतारांवर येतात, तेव्हा ती वाट त्यांची असते. दसऱ्यानंतरही टाच जमिनीवर दाबून पाहावी. ठसा उमटला, तर परत फिरावे. त्या महिन्यांत डांबरी रस्त्यावर चालवावे किंवा घराच्या अंगणात तोल साधून सायकल जागच्या जागी उभी ठेवण्याचा सराव करावा. हा सराव फार उपयोगी आहे.

पाणी साचणारा एखादा तुकडा दुरुस्त करावासा वाटला, तर आधी जमीन कोणाची, हे विचारावे. असे उतार कोमुनिदादीचे (गावकऱ्यांच्या सामाईक मालकीच्या संस्थेचे), खासगी भाटकाराचे म्हणजे जमीनमालकाचे किंवा वनखात्याचे असू शकतात. परवानगी मिळाल्यास वाट डोंगराला आडवी काढावी आणि तिचा चढ उताराच्या निम्म्याहून जास्त ठेवू नये : डोंगराचा उतार शंभराला वीस असेल, तर वाटेचा शंभराला दहापर्यंतच. बाहेरची कड किंचित खाली ठेवली, की पाणी वाटेवरून न वाहता तिला ओलांडून जाते. झाड तोडायला गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते; मुळे तोडणे तर परवानगी असली तरी करू नये.

प्रश्न : मी मडगावची, वय ६२. रोज सकाळी टेकडीवर फिरायला जाते. हल्ली मुले झाडीतून सायकली घेऊन मागून येतात आणि अगदी अंगावर आल्यावर ओरडतात. मला त्यांचा खेळ बंद करायचा नाही, पण आता भीती वाटू लागली आहे. काय करावे?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. सामाईक पायवाटेवर सायकलस्वाराने चालणाऱ्याला वाट द्यायची, हा या खेळातला जगभर मानलेला नियम आहे आणि तो पाळत नाही त्याला सायकल येते, असे मी मानत नाही. वीस-पंचवीस मीटरांवरूनच घंटा वाजवावी, वेग चालण्याइतका करावा, आणि वाट अरुंद असेल तर उतरून उभे राहावे. आपण त्या मुलांना एकदा थांबवून नेमक्या कोणत्या वळणावर आपल्याला भीती वाटते, ते त्यांच्यासोबत तिथे जाऊन दाखवावे; सायकलवरून ते वळण आंधळे आहे, हे त्यांच्या बहुधा लक्षातच आले नसेल. त्यांनी खाली येण्याची वेळ सकाळी आठनंतरची ठेवली, तर आपला फेरा तोवर पूर्ण होईल. ती मुले हा अंक वाचत असतील, तर त्यांनी आजच हँडलला घंटा लावून घ्यावी.

प्रश्न : करवंदीच्या काट्यांनी महिन्यात चार पंक्चर झाली. उपाय काय? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : रिम आणि टायर चालण्यासारखे असतील, तर ट्यूब काढून चाक ट्यूबलेस करावे आणि आत सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारा द्रव, भरावा, बारीक काट्याचे छिद्र तो चालता चालता बुजवतो. आपल्याकडच्या उष्म्यात सीलंट लवकर सुकतो, म्हणून दोन-तीन महिन्यांनी टायर हलवून आत द्रव खळखळतो का, ते पाहावे. ट्यूबच ठेवायची असेल, तर पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट हळूच फिरवावे. काट्याचे मोडलेले टोक बहुधा तिथेच राहिलेले असते आणि चारपैकी दोन पंक्चर त्याच टोकाची असण्याची शक्यता आहे.