वाचकांचे प्रश्न: वर्षभराच्या सामूहिक वाचनासाठी कादंबऱ्या

प्रश्न: गंगापूर रोड परिसरातील आम्ही चौदा जणांनी येत्या जूनपासून वर्षभर मराठीतील अभिजात कादंबऱ्या एकत्र वाचण्याचे ठरवले आहे. गटात निवृत्त शिक्षिका आहेत, बँकेत काम करणारे आहेत, महाविद्यालयातील मुले आहेत आणि दिंडोरीहून येणारे एक द्राक्षबागायतदारही आहेत. दरमहा एक याप्रमाणे बारा पुस्तके निवडायची आहेत. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘मृत्युंजय’, ‘राधेय’, ‘ययाति’ आणि ‘छावा’ या सहा नावांवर लगेच एकमत झाले, पण पुढची यादी ठरेना. काहींच्या मते १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’पासून कालक्रमाने पुढे यावे. आपण काय सुचवाल? (एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर: ज्या सहा नावांवर तुमचे लगेच एकमत झाले, ती सर्व ऐतिहासिक किंवा पौराणिक कादंबऱ्यांची आहेत आणि त्यांतील दोन तर एकट्या कर्णावरच्या आहेत. या कादंबऱ्यांनी मराठी घरांत वाचनाची गोडी लावली, हे त्यांचे ऋण मी मनापासून मानतो. परंतु एकट्याने वाचायचे पुस्तक आणि चौदा जणांनी मिळून वाचायचे पुस्तक एकाच कसोटीवर निवडता येत नाही. एकट्याला पुस्तक आवडले की पुरे. गटाला मात्र अशी कादंबरी हवी, की जी सर्वांनी लक्षपूर्वक वाचल्यानंतरही त्यांच्यात प्रामाणिक मतभेद उरतील आणि ते मिटवण्यासाठी पुन्हा पुस्तकच उघडावे लागेल. ज्या नायकाविषयी सर्वांचे मत आधीच ठरलेले असते, त्याच्यावर भारावलेली भाषणे होतात, चर्चा होत नाही. म्हणून त्या सहांपैकी एकच ठेवावी आणि ती ‘ययाति’ असावी, असे मी सुचवीन. खांडेकरांनी ती ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या निवेदनांतून उभी केली आहे. गटातील तिघांनी एकेका पात्राची बाजू घेऊन वाचन केले, तर देवयानीला आपण नेहमी किती घाईने दोषी ठरवतो, हे त्याच बैठकीत ध्यानात येईल.

कालक्रमाचा आग्रह मला पटत नाही. ‘यमुनापर्यटन’ आणि १८७१ ची ‘मोचनगड’ या दोन्हींचे स्थान इतिहासात पक्के आहे, पण जून आणि जुलै या दोन महिन्यांत त्या पाठोपाठ वाचायला घेतल्या, तर ऑगस्टमध्ये तुमच्या गटात निम्मीच माणसे उरण्याची भीती आहे. शिवाय क्रम लावताना मागच्या पुस्तकाने मनात आणलेला प्रश्न पुढच्या पुस्तकाने वेगळ्या बाजूने विचारावा, हे प्रकाशनवर्षापेक्षा महत्त्वाचे असते. बारा पुस्तकांचा हट्टही सोडावा. दहा पुरेत.

सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने (१९५५) करावी. ती लहान आहे, भाषा स्वच्छ आहे आणि फारसे न वाचणाऱ्यालाही ती पहिल्या काही पानांत आत ओढून घेते. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर हळूहळू गावाची पत्रे लिहू लागतो, भांडणे ऐकू लागतो आणि गावाच्या श्रमातून तालीम उभी करतो. हे सारे माडगूळकर आवाज न चढवता सांगतात. दुष्काळ येतो तेव्हाही त्यांचा स्वर बदलत नाही, मात्र वाडीतील एकेक घर बंद होत जाते. मास्तराने वाडी बदलली की वाडीने मास्तर बदलला, या प्रश्नावर पहिली बैठक सहज रंगेल, आणि तुमच्या निवृत्त शिक्षिकांना यावर जे सांगता येईल ते इतरांना येणार नाही.

जुलै आणि ऑगस्ट असे दोन महिने हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’साठी राखून ठेवावेत. ही कादंबरी एका दमात वाचायची नाहीच. १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ती क्रमशः आली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. तिचे पहिले वाचक ती आठवड्याच्या बेताने वाचत होते, पुढच्या अंकाची वाट पाहत होते आणि मधल्या दिवसांत घराघरांत तिच्या नायिकेविषयी, यमूविषयी बोलत होते. तुमच्या गटानेही तोच बेत ठेवावा. हप्ता आधी ठरवावा आणि प्रत्येक बैठकीत दोन-तीन पाने मोठ्याने वाचावीत. यमू आपली हकीकत लहानपणापासून, घरातल्या बोलीत सांगते. माजघरातील बायकांचे टोमणे, आजीचे बोलणे, दुर्गीचे हाल या गोष्टी डोळ्यांनी वाचताना लांबण वाटू शकतात, पण कानांनी ऐकल्या की त्या घरात आपण बसलो आहोत असे वाटते. आठवड्यांमागून आठवडे यमूबरोबर काढल्यानंतर तिच्यावर सक्तीने झालेल्या केशवपनाचा प्रसंग जेव्हा येतो, तेव्हा तो जसा अंगावर येतो तसा तो चार दिवसांत कादंबरी संपवणाऱ्याला जाणवणार नाही. या कादंबरीच्या सोबतीला संमतिवयाच्या कायद्याची थोडी माहिती कोणीतरी काढून आणावी. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करणारा तो कायदा १८९१ मध्ये झाला. कादंबरीचे हप्ते सुरू झाले तेव्हा महाराष्ट्रात याच प्रश्नावर रण माजले होते, हे ठाऊक असले की आपट्यांच्या लेखणीतील निकड कळते.

सप्टेंबरमध्ये विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) घ्यावी. युरोपातून परतणारा चक्रधर, नाझी जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू तरुणी हेर्टा आणि बोटीवरचे मोजके दिवस एवढ्यावर ही छोटी कादंबरी उभी आहे. चक्रधर प्रेम करतो की प्रेमापासून पळतो, यावर तुमच्या गटात वाद झाला नाही तर मला आश्चर्य वाटेल. ऑक्टोबरमध्ये ‘ययाति’. नोव्हेंबर मोकळा सोडावा, कारण दिवाळी अंक हातात असताना कोणी कादंबरी उघडत नाही आणि ते योग्यही आहे.

डिसेंबर आणि जानेवारीसाठी उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) आणि रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) ही जोडी मी जाणीवपूर्वक सुचवतो. दोन्ही खेड्यांतील शिंपी कुटुंबांच्या कहाण्या आहेत, एक वऱ्हाडातील आणि दुसरी मराठवाड्यातील. दोन्हींत संसाराचा सारा भार बाईवर येऊन पडतो. तरीही त्या किती वेगळ्या आहेत, हे पाहण्यात मोठा आनंद आहे. ‘धग’मधील कौतिक खचणाऱ्या नवऱ्याला आणि घराला सतत पुढे रेटत राहते, आणि लेखक बाहेर उभा राहून, निवेदन प्रमाण मराठीत ठेवून, तिचे बोलणे तेवढे वऱ्हाडीत ऐकवतो. ‘पाचोळा’त पारबती स्वतःच बोलते, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत आपल्याच बोलीत, आणि गावातील बड्यांपुढे न वाकणाऱ्या नवऱ्याच्या हट्टाची किंमत कोण मोजते आहे, हे ती तक्रारीचा सूर न लावता सांगून जाते. लेखक बाईविषयी सांगतो तेव्हा काय दिसते आणि तिच्या तोंडून सांगतो तेव्हा काय दिसते, हे एरवी व्याख्यानातून समजावून सांगावे लागते. ही दोन पुस्तके लागोपाठ वाचली की ते आपोआप कळते.

फेब्रुवारीत पु. शि. रेगे यांची ‘सावित्री’ (१९६२) ठेवावी. दिंडोरीच्या तुमच्या बागायतदारांची द्राक्षे तेव्हा तोडणीला आलेली असतील, घरोघरी परीक्षांचे दिवस असतील, आणि पत्रांतून उलगडणारी ही छोटी कादंबरी थोडी थोडी वाचता येते.

मार्चमध्ये विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ (१९५०) आणि एप्रिलमध्ये अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ (१९५९) हाच क्रम ठेवावा, उलटा करू नये. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये कायदा करून कित्येक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या आणि तो कायदा १९५२ पर्यंत टिकला. विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर, यांनी अशा जमातींच्या वसाहतींच्या सरकारी खात्यात काम केले होते. तारेच्या कुंपणाआडचे जगणे त्यांनी सहानुभूतीने पण न हळहळता लिहिले आहे. ‘रणांगण’चे विश्राम बेडेकर हे त्यांचे पती. एका घरातून आलेल्या या दोन कादंबऱ्या एकाच वर्षात वाचायला मिळाव्यात, हेही माझ्या मनात आहे. मालतीबाई कितीही जवळ गेल्या तरी त्या कुंपणाबाहेरून आलेल्या होत्या. अण्णा भाऊ मात्र ज्या मांग समाजाविषयी लिहितात त्यातच जन्मले होते. ‘बळी’तील दबलेली माणसे पाहून झाल्यावर वारणेच्या खोऱ्यातील फकिरा जेव्हा उपाशी माणसांसाठी सरकारविरुद्ध उभा राहतो, तेव्हा ‘फकिरा’तील आवेश काहींना वाटतो तसा भडक न वाटता, त्याला किती मोठे कारण होते हे दिसते. ही कादंबरी अण्णा भाऊंनी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे.

मे महिना भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’चा (१९६३). मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतील, आणि खानदेशातल्या गावातून पुण्याला शिकायला गेलेल्या पांडुरंग सांगवीकरविषयी बोलण्याचा पहिला हक्क त्यांनाच द्यावा. ज्येष्ठांपैकी काहींना तो आळशी आणि कृतघ्न वाटेल. त्यांनी धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पाने बैठकीत मोठ्याने वाचावीत आणि मगच आपले मत सांगावे.

प्रश्न: आमच्या गटाने मागच्या वर्षी ‘धग’ घेतली, परंतु वऱ्हाडी संवाद कळत नाहीत म्हणून अनेकांनी अर्ध्यावर सोडली. बोलीभाषेतील कादंबऱ्या टाळाव्यात काय? (एक वाचक, सिडको, नाशिक)

उत्तर: मुळीच टाळू नयेत. त्या टाळल्या तर ‘पाचोळा’ गेली, आनंद यादवांची ‘गोतावळा’ गेली, आणि मराठी कादंबरीचा फार मोठा भाग तुमच्यासाठी बंद झाला. अडचण बहुधा पहिल्या तीस-चाळीस पानांपुरती असते. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत कामाला असलेली वऱ्हाड, खानदेश आणि मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे तुमच्या सिडकोतच राहतात. त्यांच्यापैकी कोणाला पहिल्या बैठकीस बोलवावे, त्यांच्याकडून सुरुवातीची पाने वाचून घ्यावीत आणि त्यांनी हरकत घेतली नाही तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून सर्वांना पाठवावीत. लय कानात बसली की शब्दांचे अर्थ संदर्भाने लागतात. शब्दार्थांची यादी करून वाटण्याच्या फंदात मात्र पडू नये, कारण मग वाचक कादंबरी सोडून यादीच वाचू लागतो.

प्रश्न: एकाच पुस्तकाच्या पंधरा प्रती कोठून आणायच्या? (एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर: पंधरा प्रती लागत नाहीत, दोघांत एक प्रत पुरते. १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय आपल्या शहरात आहे. वर्षाची यादी तेथील ग्रंथपालांना आधीच दाखवावी आणि ज्या पुस्तकाच्या प्रती बाजारात मिळत नसतील, ते यादीत असेल तर वेळीच बदलावे. हरिभाऊ आपट्यांच्या निधनाला शंभरहून अधिक वर्षे झाल्याने त्यांच्या लेखनावर आता स्वामित्वहक्क नाही, त्यामुळे ते इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येते. आवृत्त्या वेगवेगळ्या असतील तर हप्ता पानांवर न ठरवता प्रकरणांवर ठरवावा.

प्रश्न: वर्षाच्या यादीत नाशिकचे काही असावे, असा आमचा आग्रह आहे. ‘श्यामची आई’ कादंबरी म्हणून घेता येईल काय? (एक वाचक, पंचवटी, नाशिक)

उत्तर: अवश्य घ्यावी. साने गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिची रचना बेचाळीस रात्रींची असल्याने दररोज एक रात्र असे वाचन ठेवले, तर दीड महिन्यात ती निवांतपणे होते, आणि लहानपणी ऐकलेली चार-पाच प्रकरणे सोडली तर उरलेले पुस्तक आपण वाचलेलेच नव्हते, असे बहुतेकांना आढळते. ती आठवणींची आहे की कादंबरी, हा वाद पहिल्याच बैठकीत घालू नये. याखेरीज कुसुमाग्रजांची वि. वा. शिरवाडकर या नावाने आलेली ‘वैष्णव’ (१९४६) आणि विहितगावी जन्मलेल्या बाबूराव बागुलांची ‘सूड’ (१९७०) ही दोन नावे सुचवतो. ‘सूड’ अगदी लहान आहे, पण ती एका बैठकीत आटोपत नाही. दोन बैठका ठेवाव्यात.

प्रश्न: पुस्तक वाचून न येणाऱ्या सदस्यांचे काय करावे? त्यांच्यामुळे वाचून आलेल्यांचा विरस होतो. (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर: त्यांना येऊ द्यावे, परंतु शेवट सांगू नका असा हट्ट त्यांना धरू देऊ नये. वाचून आलेल्यांनी मोकळेपणाने बोलावे. ज्यांचे वाचन झालेले नाही त्यांच्याकडे त्या दिवशी मोठ्याने वाचण्याचे काम द्यावे, म्हणजे निदान तेवढी पाने तरी त्यांची होतात आणि पुष्कळदा घरी जाऊन ते उरलेली वाचतात. चर्चेचा आरंभ दर वेळी वेगळ्या सदस्याने करावा आणि त्याने कथानक सांगत न बसता पुस्तकातील एकच उतारा निवडून, तो का निवडला, एवढे सांगावे. बैठकीचा वार आणि वेळ वर्षभर बदलू नये. पावसामुळे चारच जण आले तरी ठरल्या वेळी वाचन सुरू करावे.