बायबलमधले महाकाय खरे होते का? नसतील तर विश्वास कशावर ठेवायचा?

व्हॉट्सअॅपवर फिरणारे अवाढव्य सांगाड्यांचे फोटो आधी बाजूला ठेवा, ते बनावट आहेत. प्रश्न मात्र खरा आहे, आणि मलाही तो बरीच वर्षं छळायचा.

संडे स्कूलमध्ये आम्ही दावीदाशी लढलेला गल्याथ शिकलो तो 'सहा हात एक वीत' उंचीचा, म्हणजे जवळजवळ साडेनऊ फूट. मोठेपणी कळलं की मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत सापडलेल्या, शमुवेलाच्या पुस्तकाच्या जुन्या गुंडाळीत आणि बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरातही तो चारच हात एक वीत आहे. म्हणजे पावणेसात फुटांच्या आतबाहेर. पहिल्यांदा वाचलं तेव्हा फसवल्यासारखं वाटलं. मग गोष्ट पुन्हा वाचली. इस्राएलात खांद्यापासून वर सगळ्यांहून उंच कोण होता? शौल राजा. गल्याथसमोर जायचं ते खरं तर त्याने, आणि तोच छावणीत घाबरून बसलाय. त्याच्या आदल्याच अध्यायात नवा राजा निवडायला निघालेल्या शमुवेल संदेष्ट्याला देव बजावतो, उंची पाहू नकोस. जवळजवळ तीन फूट कमी केल्याने या गोष्टीचं काय बिघडतं? उलट शौलाची लाज वाढते.

बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा तेरावा अध्याय बघा. इस्राएलाचे बारा हेर कनान, म्हणजे देवाने देऊ केलेला देश, पाहून येतात. धिप्पाड म्हणून ओळखले जाणारे अनाकी लोक तिथे आहेत हे त्यांच्यापैकी कोणीच नाकारत नाही. पण 'तिथे नेफिलीम (उत्पत्तीच्या पुस्तकातले प्राचीन महाकाय) आहेत, आम्ही स्वतःलाच टोळांसारखे वाटलो आणि त्यांनाही तसेच वाटलो' हे म्हणतात ते घाबरलेले दहा जण. त्यांना आपण कसे वाटलो हे यांना कोणी सांगितलं? विचारायला तर कोणी गेलं नव्हतं! त्या बारांतलाच, पण न घाबरलेला कालेब मात्र अनाकी ठेंगणे होते असं कुठेही म्हणत नाही. पंचेचाळीस वर्षांनी, वयाच्या ८५व्या वर्षी, तो इस्राएलाचा पुढारी यहोशवा याच्याकडे नेमका हेब्रोनचा, अनाकी राहत तोच डोंगराळ मुलूख मागतो.

बाशानचा राजा ओग? त्याचा नऊ हात लांब, चार हात रुंद लोखंडी पलंग अम्मोन्यांच्या राब्बा गावात आहे, त्याच्या आकाराबद्दल एवढंच अनुवाद या पुस्तकाचा तिसरा अध्याय सांगतो. राजा मेला, पलंग उरला. हे वर्णन वाचून मला दर वेळी थोडं हसू येतं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो अनुवाद २, ज्यावर प्रवचन फारसं ऐकू येत नाही. अम्मोन्यांच्या देशातही पूर्वी असे धिप्पाड लोक राहत, अम्मोनी त्यांना जमजुम्मी म्हणत, आणि परमेश्वरानेच त्यांना अम्मोन्यांपुढून घालवलं. अम्मोनी म्हणजे परके, इस्राएल नव्हेत. तरीही त्यांच्या वाटेतले धिप्पाड त्यानेच हटवले, असं इस्राएलाचंच शास्त्र लिहून ठेवतं.

तेव्हा ते नेमके किती फूट होते, मला माहीत नाही. माझा विश्वास त्या मापावर टेकलेला नाही. तुम्ही गणना १३ आणि अनुवाद २ एका बैठकीत वाचून बघा, मग हवं तर पुन्हा बोलू.