रिफंडच्या नादात कार्डाचा नंबर देऊन बसलो

प्रश्न: ताई, मी जिंतूर तालुक्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षक आहे. परवा मधल्या सुट्टीत मेल आला, इन्कम टॅक्सचा 18,460 रुपये रिफंड मंजूर झालाय, आज रात्री 12 च्या आत खातं कन्फर्म करा नाहीतर रद्द. वर अशोकस्तंभ बिशोकस्तंभ सगळं बरोबर. रिटर्न नुकताच भरलेला, त्यामुळं शंकाच आली नाही, लिंक उघडून डेबिट कार्डाचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे टाकले, ओटीपी मागितला तेवढ्यात घंटा झाली म्हणून राहिलं. स्टाफरूममधले म्हणायलेत, ओटीपी दिला नाही ना, मग काही होत नसतंय. खरंय का?

उत्तर: नाही भाऊ. आधी कार्ड ब्लॉक करा, हे वाचून झाल्यावर नाही, आत्ताच. परदेशी साइटवर बऱ्याचदा ओटीपी लागतच नाही, नुसत्या नंबरावर अन् त्या तीन आकड्यांवर पैसे जातात. बँकेचा फोन नंबर कार्डाच्या मागं छापलेला असतो तोच लावा, गुगलवर कस्टमर केअर शोधायला गेलात की तिथंही हीच मंडळी बसलेली असतात. तक्रारीचा नंबर अन् वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणं माहिती आपणच दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, पैसे पुढं सरकायच्या आत समोरचं खातं गोठवता आलं तर आलं.

आता मेल कसा ओळखायचा ते. रिफंड थेट खात्यात येतो, त्यासाठी कार्डाचा नंबर कुणी मागत नाही, एवढं एकच बास होतं खरं तर. आणि लिंकवर बोट दाबून धरलं की पत्ता दिसतो. त्यात सुरुवातीचं https:// सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी शेवटी काय आहे ते बघायचं. जिंतूर–बोरी–परभणी अशी पाटी असली तर एसटी जाते परभणीला, बोरी नुसती वाटेत. तसंच इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट रिफंड-अमुकतमुक डॉट कॉम असलं काही दिसलं, तर तो पत्ता त्या रिफंड-अमुकतमुक डॉट कॉमचा, सरकारचं नाव मधे नुसतं बसवलेलं. खरा पत्ता गव्ह डॉट इनवरच संपतो. रिफंडचं काय झालं ते पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून, लॉगिन करून बघा.

अन् रात्री 12 ची मुदत म्हणाल तर, सरकारी काम इतक्या घाईत असतं होय? पंधरा-वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे मी सांगायचं म्हणजे अवघडच.

प्रश्न: असला मेल मी नुसता उघडला, लिंक दाबली नाही. फोन हॅक झाला असेल का? – एक वाचक, लातूर

उत्तर: शक्यतो नाही. पण मेलमधले फोटो लोड झाले असतील तर तुमचा आयडी चालू आहे हे त्यांना कळतं, असले मेल अजून येतील. डिलीट करण्याआधी फिशिंग, म्हणजे माहिती काढून घेणारा फसवा मेल, म्हणून रिपोर्ट करा.