अंगाची ओळख : स्नायू हाताने शोधा

या महिन्यात स्नायूंविषयीचीच पत्रे जास्त आली. सांधे आणि हाडांचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले आहेत.

प्रश्न : ताई, मी कुडाळ तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, आता फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. ॲनाटॉमीत हाडे जमली, पण स्नायूंनी रडवले आहे. ओरिजिन (स्नायू निघतो ते टोक), इन्सर्शन (चिकटतो ते टोक), नर्व्ह सप्लाय (त्याला चालवणारी नस), ॲक्शन (काम) असे चार रकाने पाडून भिंतीवर तक्ते लावले. रात्री पाठ होते आणि सकाळी एकाचे इन्सर्शन दुसऱ्याला जोडले जाते. लॅटिन नावे तर तोंडात बसतच नाहीत. सहाशेच्या वर स्नायू लोक कसे लक्षात ठेवतात?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : आधी त्या आकड्याची धास्ती सोड. सहाशेच्या वर ही मोजणी डावे आणि उजवे वेगळे धरून आहे, म्हणजे शिकायचे निम्मेच. शिवाय बरगड्यांमधले आणि मणक्यांमधले छोटे स्नायू एकाच नमुन्याचे असतात. एक समजला की त्याची सगळी रांग समजते.

हाडे जमली आहेत म्हणतेस, मग पाया पक्का आहे. खांद्याच्या फऱ्यावरचा कोरॅकॉइड हा हाडाचा उंचवटा कुठे आहे हे बोटाने दाखवता येत असेल, तर तिथून निघणारे स्नायू हवेत लोंबकळत राहत नाहीत. आता भिंतीवरचे तक्ते थोडे दिवस उतरव आणि प्रत्येक स्नायूला एकच प्रश्न विचार : हा कोणता सांधा ओलांडतो आणि कोणत्या बाजूने? स्नायू दोरीसारखा आहे, त्याला ओढता येते, ढकलता येत नाही. त्यामुळे जो सांधा तो ओलांडतो तोच हलवतो, आणि ज्या बाजूने जातो त्या बाजूला ओढतो. कोपराच्या पुढून जाणारा कोपर वाकवतो, मागून जाणारा सरळ करतो. इतके ध्यानात आले की ॲक्शनचा रकाना बहुतेक वेळा पाठ करावाच लागत नाही, तो आपला आपण काढता येतो.

दंडापासूनच सुरुवात कर. कोपर काटकोनात वाकव आणि दुसऱ्या हाताची बोटे बेटकुळीवर ठेव. आता तळहात जमिनीकडे कर, मग जोर लावून आकाशाकडे फिरव. फिरवताना बायसेप्स टणक होतो की नाही? कारण त्याचे खालचे टोक रेडियसला, म्हणजे कोपराखालच्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला चिकटते, आणि हात उलटा-सुलटा होताना फिरणारे हाड रेडियसच असते. बायसेप्सच्या खाली दडलेला ब्रॅकियालिस मात्र अल्नाला, म्हणजे करंगळीच्या बाजूच्या हाडाला चिकटतो. अल्ना तशी फिरत नाही, म्हणून ब्रॅकियालिसला कोपर वाकवण्यापलीकडे काम नाही. दोघांच्या इन्सर्शनमधला फरक समजला की दोघांच्या कामातला फरक कायमचा समजला. उजव्या हाताने स्क्रू घट्ट करताना जी फिरकी लागते तिच्यातला जोर बायसेप्सचा आहे. घरात एखादा स्क्रू सैल असेल तर आजच घट्ट कर आणि डावा हात दंडावर ठेव.

नर्व्ह सुट्या सुट्या पाठ करू नकोस, गटाने कर. दंडाच्या पुढच्या कप्प्यातले तीन स्नायू म्हणजे कोराकोब्रॅकियालिस, बायसेप्स आणि ब्रॅकियालिस. तिघांना मस्क्युलोक्युटेनियस. दंडाच्या मागच्या बाजूला रेडियल. मांडीच्या पुढे फेमोरल, आतल्या बाजूला ऑब्ट्युरेटर, मागे सायटिक. आधी हा ढाचा बसव, मग अपवाद जोड. ब्रॅकियोरेडियालिस कोपर वाकवतो, तरी त्याची नर्व्ह रेडियल. असे अपवाद वेगळ्या वहीत लिही, कारण व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात.

आता नावे. ती लांबलचक आहेत, पण निरर्थक नाहीत. लाँगस म्हणजे लांब, ब्रेव्हिस म्हणजे आखूड, रेक्टस म्हणजे सरळ. फ्लेक्सर कार्पाय अल्नारिस या नावात तीनही उत्तरे आहेत : वाकवणारा, मनगटाचा, करंगळीच्या बाजूचा. स्टर्नोक्लीडोमास्टॉइड ऐकून मुली घाबरतात, पण त्या नावात छातीचे हाड, हासळी आणि कानामागचा उंचवटा अशी तीनही ठिकाणे लिहिलेली आहेत. डावीकडचा हाताला लागायला हवा असेल तर मान उजवीकडे वळव. तो एका बाजूने आवळला की चेहरा दुसऱ्या बाजूला वळतो. हे हाताखाली जाणवले की पुस्तकातले वाक्य वेगळे पाठ करावे लागत नाही. नावे मोठ्याने म्हण, खोलीतल्या मुली हसल्या तरी म्हण.

मनगटापासून कोपरापर्यंतच्या भागात गर्दी फार आहे, म्हणून तो शेवटी ठेव. तिथे एक जुनी युक्ती कामाला येते. कोपराच्या आतल्या बाजूला जे टोकदार हाड लागते त्याच्या मागे दुसऱ्या हाताचा अंगठा ठेव आणि चार बोटे पुढून हातावर तिरकी पसर. तर्जनीखाली प्रोनेटर टेरीस, मधल्या बोटाखाली फ्लेक्सर कार्पाय रेडियालिस, अनामिकेखाली पाल्मारिस लाँगस, करंगळीखाली फ्लेक्सर कार्पाय अल्नारिस.

एक काम मनापासून सांगते. मैत्रिणीच्या हातावर आयब्रो पेन्सिलने स्नायू काढ आणि नाव त्या स्नायूच्या अंगावरच लिही, बाजूला बाण काढून नको. तुझ्या ग्रंथालयात ग्रेज ॲनाटॉमी हे शरीररचनेचे पुस्तक असेलच. 1858 मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतली चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांची. त्या चित्रांत नावे थेट त्या त्या भागावर छापली होती, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर चित्र आणि यादी यांच्यात फिरत राहिली नाही. हे कार्टर त्याच वर्षी मुंबईला आले आणि पुढे त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवली. आपल्या मुंबईत शिकवून गेलेल्या माणसाची ही रीत आहे, ती तू मैत्रिणीच्या दंडावर वापर.

रोज दोन किंवा तीन स्नायू पुरेत. हाडावर शोध, अंगावर काढ, हालचाल करून हाताने पकड, मग पुस्तक मिटून मैत्रिणीला समजावून सांग. सांगताना अडखळलीस तिथेच पुन्हा वाच.

प्रश्न : आमची मालवणला रापण (किनाऱ्यावरून दोराने ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे) आहे. वय 46. दोर ओढताना काही होत नाही, पण घरी आल्यावर उजवा हात बाजूने वर नेला की मध्येच कळ येते. तेवढा भाग ओलांडला की पुन्हा बरे वाटते. ओढायचा स्नायू दुखावला असेल का?
– एक रापणकर

उत्तर : ओढताना दुखत नाही हे तुम्ही लिहिलेत ते फार बरे केलेत, कारण त्यानेच दिशा मिळते. रापणीचा दोर ओढणारा मोठा स्नायू लॅटिसिमस डॉर्सी. तो कंबरेपासून आणि पाठीच्या खालच्या मणक्यांपासून निघतो, काखेखालून वळतो आणि दंडाच्या हाडाला पुढच्या बाजूने चिकटतो. काखेची मागची कड चिमटीत धरा आणि कोपर मागे ओढा, हाताखाली टणक होईल तो हाच. त्याच्या जोडीला फरे मागे खेचणारे स्नायू आहेत आणि वाळूत पाय रोवणाऱ्या मांड्या आहेत. ही सगळी तुमची ताकदवान मंडळी, आणि तुमच्या सांगण्यावरून ती ठीक दिसतात.

हात बाजूने वर नेताना मध्येच येणारी कळ बहुधा सुप्रास्पायनॅटस नावाच्या लहान स्नायूकडे बोट दाखवते. खांद्याची खोबण उथळ आहे. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात धरून ठेवायला चार छोटे स्नायू चहूबाजूंनी कंडरांची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांची) पकड घालतात, त्यांतला हा सर्वांत वरचा. त्याची कंडरा खांद्याच्या वरच्या हाडाखालच्या अरुंद जागेतून जाते. साधारण 60 ते 120 अंशांच्या दरम्यान ती तिथे दाबली जाते, म्हणून कळ मध्येच येते आणि पुढे सुटते. माझ्याकडे येणारे रापणकर आणि ट्रॉलरवरचे खलाशी हेच सांगतात, “ताई, हात वर जाणा नाय.” मी त्यांना विचारते, अजिबात जात नाही की मध्ये अडतो? या दोहोंत फार फरक आहे.

पत्रावरून निदान करणार नाही. हाडांच्या डॉक्टरांकडून किंवा जवळच्या फिजिओथेरपिस्टकडून खांदा तपासून घ्या. पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल किंवा हात उचलायची ताकदच गेली असेल तर उशीर करू नका. तपासणी झाल्यावर बहुतेकदा एक साधा व्यायाम सांगितला जातो : कोपर कमरेला चिकटवायचे, काटकोनात ठेवायचे आणि रबरी पट्टा धरून मनगट बाहेरच्या बाजूला न्यायचे. त्याने फऱ्यामागचे इन्फ्रास्पायनॅटस आणि टेरीस मायनर बळकट होतात आणि गोळा खोबणीत नीट बसतो. कळ येईल इतका जोर लावायचा नाही. आणि दोर ओढताना हात वाकवून खेचण्यापेक्षा अंग मागे टाकून पायांनी रेटा द्या. जुनी माणसे तसेच ओढतात.

प्रश्न : मूठ वळून मनगट वाकवले की उजव्या मनगटावर मधोमध एक शीर ताणून वर येते, डाव्यावर येत नाही. डाव्या हातात काही कमी आहे का? (वय 19, देवगड)

उत्तर : ती शीर नव्हे, पाल्मारिस लाँगसची कंडरा आहे. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट वाकवा, आणखी स्पष्ट दिसेल. हा स्नायू बऱ्याच जणांत एका किंवा दोन्ही हातांत जन्मतःच नसतो आणि त्याने हाताच्या कामात काहीही अडत नाही. उलट हातातली एखादी कंडरा तुटली तर शल्यविशारद ती जोडायला हीच कंडरा काढून वापरतात. काळजी करू नका.

प्रश्न : आम्ही लांजा तालुक्यातले शेतकरी. लावणीच्या दिवसांत इरले घेऊन दिवसभर वाकून असते, संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. कंबरेचा कोणता स्नायू कमजोर आहे आणि त्याला ताकद कशी द्यायची?

उत्तर : ताई, कमजोर म्हणू नका, तो दिवसभर राबलेला आहे. मणक्याच्या दोन्ही बाजूंना उभे पट्टे लागतात ते इरेक्टर स्पायनी. एकदा घरी करून बघा. दोन्ही अंगठे कंबरेवर मणक्याच्या बाजूला ठेवा आणि अगदी सावकाश वाका. वाकताना ते टणक होतील. बहुतेकांना वाटते की वाकताना पोटाचे स्नायू काम करतात. अंग तर आपल्या वजनानेच खाली जाते. ते धपकन जाऊ नये म्हणून पाठीचे स्नायू लांब होत होत त्याला धरून ठेवतात, आणि लांब होत असताना भार पेलल्यानेच स्नायू जास्त दुखावतो.

आता पूर्ण खाली वाका. अंगठ्याखालचे पट्टे बऱ्याच जणांत मऊ पडतात. स्नायूंनी काम थांबवलेले असते आणि सगळा भार मणक्यांना बांधणाऱ्या अस्थिबंधांवर गेलेला असतो. रोपे लावताना बायका तासन् तास याच अवस्थेत असतात. ताणलेले अस्थिबंध लगेच मूळ जागी येत नाहीत, म्हणून संध्याकाळी उभे राहताना कंबर अडते.

म्हणून ताकदीच्या व्यायामाआधी कामाची पद्धत बदला. एक ओळ लावून झाली की उभ्या राहा, दोन्ही हात कंबरेवर ठेवून हलकेच मागे झुका, दोन श्वास घ्या, मग पुढची ओळ. रोपांच्या मुठा बांधावरून आणायचे काम आणि लावायचे काम आपापसांत आलटून पालटून करा. वाकताना कंबरेतून नव्हे, खुब्यातून वाका. गुडघे थोडे सैल ठेवा. मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग बसताना टेकणाऱ्या हाडापासून निघतात. ते आखडलेले असले आणि गुडघे ताठ असले की ओटीपोटाचे हाड पुढे कलू देत नाहीत, आणि सगळे वाकणे कंबरेवर येते. लावणीच्या महिनाभर आधीपासून मांडीच्या मागचा ताण रोज काढा.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. पाय बधिर होऊ लागला, पाऊल उचलेना किंवा लघवीवरचा ताबा सुटतोय असे वाटले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लावणी थांबली तरी चालेल.

प्रश्न : दापोली तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीला स्नायूंसाठी तक्त्याशिवाय काय करता येईल?

उत्तर : सर, मुलांना उभे करा. गुडघे ताठ ठेवून टाचा उचलायला सांगा आणि पोटरी चाचपायला लावा. मग गुडघे वाकवून टाचा उचला. वरचा गॅस्ट्रॉक्नेमियस गुडघा आणि घोटा दोन्ही ओलांडतो, म्हणून गुडघा वाकला की तो सैल पडतो आणि खालचा सोलिअस काम उचलतो. बाकावर बसून टाच मागे ओढली की गुडघ्याच्या मागे दोन्ही बाजूंना दोऱ्यांसारख्या कंडरा हाताला लागतात. दात आवळले की गालावर मॅसेटर फुगतो आणि कानशिलावर टेंपोरॅलिस. मग एकमेकांना भुवया उडवून दाखवायला सांगा. चेहऱ्याचे स्नायू एका टोकाला कातडीला चिकटलेले असतात, म्हणूनच चेहऱ्यावर भाव उमटतात. शेवटी मनगटावर नाडी मोजायला लावा आणि ती चालवणारा हृदयाचा स्नायू इच्छेने थांबवता येतो का ते विचारा. ऐच्छिक आणि अनैच्छिक यांतला फरक तिथे आपोआप निघतो.

प्रत्येकाने आधी स्वतःच्या अंगावर शोधायचे आणि दुसऱ्याला हात लावायचा तर विचारूनच, हे तासाच्या सुरुवातीला सांगा.